धडा एकट्या आईलाच का?

दोस्तहो, बीपी, शुगर, लकवा हे ढेरपोट्या शेठांचे रोग आहेत असं आपण अजून समजतो. साफ खोटं आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं झालेल्या मरणांचा शोध घेतला. मेलेल्यांच्या घरी जाऊन विचारपूस केली. सगळ्यात जास्त माणसं कशानं गेली? लकव्यानं. सात मरणांत एक. रोवणीत कंबर मोडणारी, तेंदू तोडणारी मुलखातली माणसं ही. यांना कुठली आली ढेरी?

मग भिंतीवर तक्ता लागतो. डाळ खा, पालेभाजी खा, मीठ कमी करा. तक्ता खोटा नाही. मीठ जास्त झालं की रक्ताचा दाब वाढतो. दाब वाढला की मेंदूतली नस तुंबते, नाहीतर फुटते. तंबाखूचा खर्रा त्यात भर घालतो. हे घराघरात कळलंच पाहिजे. पण तक्त्यापुढं बसवतात कुणाला? बायांना. बाप्या बाहेर पारावर खर्रा चघळत बसलेला. पैसा त्याच्या खिशात, पहिलं ताट त्याचं. आणि खरवडलेला भात नि मिरचीचा ठेचा जिच्या वाट्याला, तिलाच आहारावर भाषण!

ही शेवटची पंगत साधी गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या पोरांचा अभ्यास चालवला. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं हलकी, हाडामांसानं कमी, तरी चरबी राखून जन्मलेली. पोटातच टंचाई भोगलेलं शरीर जपून ठेवायला शिकतं, आणि पुढं अशांना शुगरचा धोका जास्त. म्हंजे आईच्या उपासाची वसुली पोराच्या चाळिशीत होते. कर्ज कुणाचं, फेडतो कोण!

आता सरकारला सवाल. डाळ खा म्हणता, आणायची कुठून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. त्यानं चूल पेटते, हे नाकारत नाही. पण मी चंद्रपूरकडचा, मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो, वजनाचं मला सांगू नका. ५ किलो म्हंजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा नाही. आणि डाळ-तेलाचा हक्क त्या कायद्यात नाहीच.

आमच्या मुलखात डाळ नव्हती तेव्हा जंगल होतं. तरोटा, वास्ते, सात्या, मोहफूल, टोरीचं तेल. शेतात कोदो-कुटकी, जवस, लाखोळी. हे ताट कुठल्या तक्त्यानं शिकवलं नव्हतं. मग सरकारनं मिश्र जंगल तोडून सागवान लावलं. सागाची पानं शिजवून खायची काय? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावानं २००९ साली आपल्या जंगलावरचा हक्क मिळवला. आहारशिक्षणाचा खरा वर्ग तिथं भरतो, जिथं माणसाला सांगितलेलं आणताही येतं.

ताट बदलणं आपल्याला नवं नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर खाणं सोडा, उष्टं मागणं सोडा म्हणून बजावलं. तो उपदेश एकट्या बायांना नव्हता, अख्ख्या समाजाला होता. ताट हा इज्जतीचा सवाल होता. आज तो जगण्याचाही आहे.

म्हणून, दोस्तहो, तक्ता फाडू नका. तक्त्यापुढं बाप्याला, सासूला, पोरांना बसवा. गरोदर बाईचं ताट पहिलं वाढा. गावात बीपी मोजायला लावा. मग तोच तक्ता काखोटीला मारून अख्खं घर तहसीलवर न्या आणि विचारा, यातली डाळ कुठाय?