तू नेमकी कुठली?

गेल्या सेमिस्टरला प्लेसमेंटच्या तयारीचं वर्कशॉप झालं. सरांनी आल्या आल्या कोरे कागद वाटले आणि ‘मी कोण?’ यावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. इंटरव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न तोच असतो ना... ‘टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ!’ आम्ही साठ जणांनी मिळून जणू एकच कागद लिहिला. हार्डवर्किंग, पॉझिटिव्ह, टीम प्लेअर. सगळेच्या सगळे टीम प्लेअर! (सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच फाईलवरून सगळा वर्ग उतरवून काढतो, ते हेच असावं.)

मित्रांनो, त्या पाच वाक्यांत मी काय लिहिलं नाही, ते आज लिहिते.

माझं घर सोलापूरच्या पूर्व भागात, तेलंगणातून विणकामासाठी इथे आलेल्या पद्मशाली कुटुंबांपैकी एक. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात सोलापुरी हिंदी, पलीकडच्या आजींशी मोडकंतोडकं कन्नड आणि शाळेत फक्त इंग्लिश. सोलापुरात यात विशेष काही नाही. इथला भाजीवालासुद्धा गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. पण कॉलेजच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ पुढे रेघ एकच असते. फर्स्ट इयरला मी तिथे लिहिलं ‘मराठी’. आईचा व्यवसाय? ‘गृहिणी’.

खरं म्हणजे अम्मा विड्या वळते. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी मापाने कापायची, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, आणि कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे कष्ट फुकट. पप्पा यंत्रमागावर. माझी कॉन्व्हेंटची फी या दोघांच्या मजुरीतून गेली आहे. अम्माच्या सुपासमोर बसून मी टेबल्स पाठ केले, तेही इंग्लिशमध्ये!

मी डे-स्कॉलर. पण परीक्षेच्या दिवसांत मुक्काम लेडीज हॉस्टेललाच असतो (रेक्टर मॅडम, सॉरी!). अशाच एका संध्याकाळी अम्मा डबा घेऊन गेटवर आली. हाताला तंबाखूचा वास, आणि तोंडी नेहमीचं ‘तिन्नावा?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ रूममधल्या मैत्रिणीने विचारलं, ‘‘कोण गं?’’

मी म्हणाले, ‘‘शेजारच्या काकू.’’

अम्माला मराठी चांगलं समजतं. तिने डबा माझ्या हातात दिला आणि ती रिक्षा बघायला निघून गेली. घरी तिने त्यावर एक शब्दही काढला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता कोणी म्हणेल, इंग्लिश मीडियमचा परिणाम. मला ते पटत नाही. कॉन्व्हेंटमधली मी पण खोटी नाही. सिग्नल्सच्या पेपरात एका सिग्नलच्या अनेक फ्रिक्वेन्सी आपण काढतो, पण ‘यातली खरी कुठली?’ असं सर कधी विचारत नाहीत. मात्र एखादी टर्म मुद्दाम गाळली तर मार्क जातात. मी नेमकं तेच केलं.

आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवा. १९३८ साली जखमी सैनिकांवर उपचार करायला ते चीनला गेले. तिथे त्यांना चिनी नाव मिळालं, के दिहुआ. लग्न तिथलंच, आणि १९४२ साली मृत्यूही तिथेच. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. परक्या देशात राहून माणूस मुलाच्या नावात आपला देश पहिला घालतो, आणि मी स्वतःच्याच गावात, हॉस्टेलच्या गेटवर...? असो.

परवा जनगणनेतली मातृभाषेची व्याख्या वाचनात आली. लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली, ती तुमची मातृभाषा. चांगली कुठली येते, लिहिता-वाचता कुठली येते, याचा तिथे संबंधच नाही. (येत असलेल्या आणखी दोन भाषा वेगळ्या लिहिता येतात. आमच्या घराला त्या पुरणार नाहीत, पण ठीक आहे.) मला तेलुगूचं एक अक्षर वाचता येत नाही, म्हणून ती आपली म्हणायला मी कचरत होते. आणि इथे तर फक्त आई काय बोलली एवढंच विचारतात! ‘तिन्नावा?’ एवढं पुरे.

या वर्षी ऑफिसात फॉर्म भरताना दोन्ही रकान्यांत खरं ते लिहिलं. क्लार्कनी मान वरसुद्धा केली नाही. तीन वर्षं मी कोणाला घाबरत होते, कोण जाणे! २०२७ च्या जनगणनेला प्रगणक घरी येतील, तेव्हा दार मी उघडणार आहे.

रूममधल्या त्या मैत्रिणीला मात्र अजून सांगितलेलं नाही. ती अधूनमधून विचारते, ‘‘काय गं, तुझ्या त्या काकू पुन्हा डबा घेऊन नाही आल्या?’’ मॅगझिन हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये येतं. ती वाचेलच.