होऊन जाईल!

गेल्या आठवड्यात पुतण्या पुण्याहून आला होता. तो एका डिझाइन ऑफिसात नोकरीला आहे. कारखान्यांच्या शेड, पाण्याच्या टाक्या, गोदामं अशा बांधकामांची गणितं करायची आणि ड्रॉइंग काढून द्यायची, हे त्यांचं काम. दोन दिवस राहिला, त्यातला निम्मा वेळ फोनवरच गेला. रात्री जेवताना वैतागून म्हणाला, "काका, लोकांना शेड दुप्पट मोठी पाहिजे, लोखंड निम्मंच लागलं पाहिजे आणि ड्रॉइंग मात्र सोमवारीच पाहिजे!"

मला हसू आलं. कारण मी स्वतः असंच एक गिऱ्हाईक होतो. त्याला ती हकिगत सांगितली, आणि मग वाटलं की इथेही लिहून ठेवावी.

२००८ साली मी शाळेतून निवृत्त झालो. फंडाचे पैसे हातात आले. माळशिरसमध्ये दोन गुंठे जागा आधीच घेऊन ठेवली होती. पुढच्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न करायचं घाटत होतं, तेव्हा अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झालीच पाहिजे असं मी मनाशी पक्कं केलं. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनीयर होऊन गावातच कामं करत होता. त्याला बोलावलं आणि वहीत लिहिलेली यादी वाचून दाखवली. खाली चार खोल्या, पुढे कधीतरी वर दोन मजले चढवता येतील असा पाया, सगळं फंडाच्या पैशांत, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत.

त्याने ऐकून घेतलं. काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दोन गडी घेऊन आला आणि जागेच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायला लावला. सहा फूट खाली गेलं तरी काळी मातीच. मग कुठे मुरूम लागला. मला म्हणाला, "सर, ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. हिच्यावर पाया टेकवला तर भिंती तडकतील. मुरमापर्यंत जावंच लागेल. म्हणजे निम्मा पैसा जमिनीतच जाणार."

मी म्हटलं, "अरे, काहीतरी मार्ग काढ. माझा विद्यार्थी ना तू?"

त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेलो नाही. "सर, तारीख तुम्ही ठरवा, मग मजले मी सांगतो. मजले तुम्ही ठरवणार असाल, तर तारीख मला सांगू द्या. काँक्रीटची ताकद आम्ही अठ्ठावीस दिवसांनी मोजतो. मुहूर्त जवळ आला म्हणून ते लवकर पिकत नाही."

खरं सांगतो, मला राग आला. ज्याला मी शिकवलं तो मला शिकवतोय! मी दुसऱ्या एका ठेकेदाराला गाठलं. त्याने यादी पुरती ऐकलीसुद्धा नाही. प्रत्येक ओळीला एकच उत्तर, "होऊन जाईल, सर." काय बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्यांच्याकडून तसं लिहून घ्या." दुसऱ्या दिवशी गेलो आणि कागद पुढे केला. त्याने विषय बदलला, चहा मागवला, पण कागदाला हात लावला नाही.

मुकाट्याने विद्यार्थ्याकडे परत आलो. त्याने एका कागदावर तीन रकाने पाडून दिले : तुम्हाला काय हवं, त्याला किती पैसा आणि किती दिवस लागतील, आणि त्यासाठी काय सोडावं लागेल. मी वरचा एक मजला सोडला आणि बाहेरचा गिलावा पुढच्या वर्षावर टाकला. लग्न झालं तेव्हा घराच्या भिंतींच्या विटा दिसत होत्या. पाहुणे काय म्हणतील याची मला धास्ती होती, पण कुणी काही म्हटल्याचं आठवत नाही. आज इतकी वर्षं झाली, घराला तडा नाही.

माझं घर ते केवढंसं. पण हीच गोष्ट मोठ्या कामात घडली तर काय होतं, ते माझ्या पिढीने पाहिलं आहे. १२ जुलै १९६१. मी तेव्हा अकरा वर्षांचा. पानशेतचं धरण फुटलं आणि त्याच दिवशी खाली खडकवासल्याचंही फुटलं. माझी आत्या नारायण पेठेत राहायची. काही दिवसांनी ती आमच्याकडे आली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. धरण का फुटलं हे मात्र मला मोठेपणी वाचून कळलं. ठरल्यापेक्षा वर्षभर आधी, म्हणजे १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी अडवायचं ठरलं होतं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी असते, तिचं काम पुरं झालेलं नव्हतं. पाणी चढलं, मोरीवरचा मातीचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तीही पुरली नाहीत.

इथे गिऱ्हाईक सरकार आणि इंजिनीयरही सरकारचेच. पाणी लवकर मिळावं ही इच्छा वाईट होती असं कोण म्हणेल? पण इच्छा आणि तारीख यांच्यामध्ये "हे होणार नाही" असं म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि त्याचं ऐकणारंही कुणीतरी लागतं. पावसाने आपली तारीख बदलली नाही.

हे लिहिताना मी फार शहाणा आहे असा आव आणत नाही. शाळेत असताना मीही "होऊन जाईल" म्हटलेलं आहे. एक शेतकरी पालक दर महिन्याला यायचे. मुलाला इंजिनीयर करायचंच, सायन्सला घालायचंच. मुलाचं गणित कच्चं होतं, मला ते स्वच्छ दिसत होतं. पण त्यांचा उत्साह बघून माझी जीभ रेटली नाही. म्हटलं, "होईल, काळजी करू नका." पोरगा बारावीला दोनदा नापास झाला. घरात तोंड लपवून बसायचा. पुढे तो धंद्यात सावरला, चांगलं चाललंय त्याचं. पण कित्येक वर्षांनी बाजारात त्याचे वडील भेटले, तेव्हा अगदी शांतपणे म्हणाले, "सर, तेव्हाच सांगितलं असतंत तर पोराची दोन वर्षं वाचली असती." मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझं मत असं झालंय की अवाजवी अपेक्षा ठेवणाऱ्यापेक्षा तिला पहिल्या दिवशी मान डोलावणारा जास्त दोषी. मागणाऱ्याला बिचाऱ्याला कळत नसतं. याला कळत असतं.

आता नाही म्हणायचं म्हणजे तोंडावर दार आपटायचं असंही नाही. आपल्या नीरेच्या कालव्याचंच उदाहरण घ्या. १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुणे भागात होते. कालव्याचं पाणी मोजकं, आणि मिळेल त्याला ऊसच लावायचा. त्यांनी 'ब्लॉक' पद्धत काढली. जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीत दुसरी पिकं, आणि दरवर्षी पिकं फिरवायची. त्या बदल्यात पाण्याची हमी. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोधच केला, पण पुढे ही पद्धत दख्खनच्या कालव्यांवर रुजली. सगळ्या रानात ऊस मिळणार नाही, हे त्यांनी सांगितलं. पण काय मिळेल, तेही त्याच वेळी सांगितलं. माझ्या विद्यार्थ्याचा तीन रकान्यांचा कागद म्हणजे तरी दुसरं काय होतं?

पुतण्याने विचारलं, "पण काका, मी नाही म्हटलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं तर?"

प्रश्न खरा आहे. पोटाचा आहे. जाईल कधीकधी, मी म्हटलं. मीही गेलोच होतो की. पण तू कागद दे. पहिल्याच भेटीत दे, काम अर्धं झाल्यावर नको. आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना माझं सांगणं इतकंच, की सगळ्याला हो म्हणणारा माणूस भेटला तर खुश होऊ नका. त्याच्यापुढे कागद ठेवून बघा.

काल पुतण्याचा फोन आला होता. शेडवाल्यांना त्याने तीन रकाने पाडून पाठवले आहेत. अजून उत्तर आलेलं नाही म्हणाला.

असो. तुमच्यापैकी कुणी घर बांधलं असेल, किंवा कुणाचं बांधून दिलं असेल, तर तुमचे अनुभव जरूर लिहा. वाचायला आवडेल.