तपशील आणि रक्कम

रिक रायर्डनच्या 'पर्सी जॅक्सन' मालिकेचा पाचवा भाग संपवून तेरा वर्षांच्या नातीने मला विचारले, "आजोबा, ल्यूक वाईट होता का?"

ल्यूक हा ग्रीक देव हर्मिसचा मानवी मुलगा. बापाने दुर्लक्ष केले म्हणून तो देवांवर उलटतो आणि क्रोनसला सामील होतो. त्यापायी त्याच्याच बरोबरीची मुले मरतात. शेवटी स्वतःचा जीव देऊन तोच क्रोनसला रोखतो.

आमच्या पिढीला 'मृत्युंजय'ने १९६७ साली असेच अस्वस्थ केले होते. कर्णाच्या दुःखाने आम्ही इतके विरघळलो, की द्रौपदीची वस्त्रे उतरवायला दुःशासनाला त्यानेच सांगितले होते, याचा विसर पडला. महाभारताला तो पडलेला नाही. तिथे कर्णाचे अपमान आहेत, ती आज्ञा आहे आणि पांडवांना बोललेल्या कटू शब्दांबद्दल उद्योगपर्वात कृष्णाजवळ व्यक्त केलेला पश्चात्तापही आहे. युधिष्ठिरालाही सूट नाही. द्रोणवधासाठी तो फसवे बोलला आणि चार बोटे अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला.

बँकेत असताना एका कॅशियरच्या अफरातफरीची चौकशी माझ्याकडे आली होती. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने पैसे उचलले होते. कारण खरे होते. अहवालात मी ते लिहिले, आणि तूट किती, तेही लिहिले. त्याची नोकरी गेली. लेजरमध्ये तपशिलाचा रकाना वेगळा, रकमेचा वेगळा. तपशील करुण आहे म्हणून रक्कम कमी होत नाही आणि रक्कम मोठी आहे म्हणून तपशील खोडता येत नाही. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही.

आनंद नीलकंठन यांच्या 'असुर'मध्ये (२०१२) रावण स्वतःची बाजू मांडतो. अशा पुस्तकांनी मुले बिघडतील, ही भीती मला पटत नाही. खलनायकाची बाजू ऐकणे म्हणजे त्याला निर्दोष सोडणे नव्हे. पुस्तक फसते ते यांपैकी एक रकाना कोरा ठेवल्यावर.

नातीला म्हटले, "त्याची तक्रार खरी होती, कृत्य वाईट होते."

ती म्हणाली, "म्हणून तर पर्सीने अमरत्व नाकारलं. त्याऐवजी देवांनी आपल्या सगळ्या मुलांना ओळख द्यावी, असं मागितलं."

शत्रूला हरवून त्याची न्याय्य तक्रार निकाली काढणारा तो नायक. माझा अहवाल मात्र सहीपाशीच संपला होता.