६६२ चा हट्ट सोडा

वाढकक्षातले दिवे बदलण्यासाठी केलेले अनुदानाचे प्रस्ताव परत आल्याची पत्रे आमच्याकडे येऊ लागली आहेत. पत्रे वेगवेगळ्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळांची आहेत, शेरा मात्र एकच आहे: दिव्याची तरंगलांबी क्लोरोफिलच्या शोषणशिखरांशी जुळत नाही. सोबतच्या तांत्रिक अटींत ४३० आणि ६६२ नॅनोमीटर हे दोन आकडे आहेत. त्यांत २ नॅनोमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही आणि हिरवा प्रकाश शून्य हवा, असे म्हटले आहे. त्याच पानावर खाली फळीवर किमान ३००० लक्स मागितले आहेत. पांढरे एलईडी लावू पाहणारा प्रत्येक जण यात अपात्र ठरतो.

४३० आणि ६६२ ही क्लोरोफिल-ए ची ईथरमधली शिखरे आहेत. ८० टक्के ॲसिटोनमध्ये लाल शिखर ६६३ च्या आसपास येते. अर्नन यांच्या १९४९ च्या सूत्रांत ६६३ आणि ६४५ हे आकडे त्यामुळेच आहेत. पुढे १९८९ मध्ये पोरा आणि सहकाऱ्यांनी ही सूत्रे सुधारली, तरी आपल्यापैकी बरेच जण अजून जुनीच वापरतात. पानात क्लोरोफिल किती आहे हे काढायला हे आकडे योग्य आहेत. पण पान खलात घोटून त्यावर ॲसिटोन ओतले की प्रथिने साकळतात आणि रंगद्रव्य सुटून द्रावणात उतरते. यंत्र मोजते ते या सुट्या रंगद्रव्याला. जिवंत पानात क्लोरोफिल असे मोकळे फिरत नाही. ते जवळजवळ सगळे प्रथिनांत बसवलेले असते आणि तिथे त्याचे लाल शिखर ६७८ च्या आसपास सरकते.

हा फरक क्षुल्लक नाही. द्रावकही नाही आणि प्रथिनही नाही अशा वायुरूप अवस्थेत क्लोरोफिल-ए ची मोजणी झाली आहे. तिथे लाल पट्टा ६४२ च्या सुमारास मिळतो. ईथरमध्ये ६६२, पानात ६७८. रेणू तोच राहिला, शेजार बदलला. प्रथिनात मधल्या मॅग्नेशियमला बहुधा हिस्टिडीनची साखळी येऊन जोडली जाते, कडेच्या कार्बोनिल गटांना हायड्रोजन बंध मिळतात, जवळचे विद्युतभार आपला प्रभाव टाकतात आणि वलय थोडे वाकते. याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रथिन या रंगद्रव्यांना एकमेकांपासून साधारण १ नॅनोमीटरवर धरून ठेवते. इतक्या जवळ असल्यामुळे ती एकेकटी प्रकाश शोषत नाहीत. एकाच्या ऊर्जापातळ्या दुसऱ्यामुळे हलतात.

पालकाच्या एलएचसी-२ या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनाची स्फटिकरचना २००४ मध्ये २.७२ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. तिच्या एका एककात ८ क्लोरोफिल-ए, ६ क्लोरोफिल-बी आणि ४ कॅरोटिनॉइड दिसतात. चौदा क्लोरोफिलांच्या चौदा जागा आहेत आणि प्रत्येक जागेचा परिसर निराळा आहे. मग पानाच्या आलेखात सुईसारखे शिखर येईल कुठून? तिथे रुंद, एकमेकांत मिसळलेले पट्टे असतात. क्लोरोफिल-बी ईथरमधल्या ६४२ वरून ६५० कडे जाते. ल्युटीन इथेनॉलमध्ये ४४५ ला शोषते, ते एलएचसी-२ मध्ये ४९० च्या आसपास पोहोचते. प्रकाशप्रणाली-१ च्या एलएचसीए-४ या प्रथिनात तर एका जागी हिस्टिडीनऐवजी अस्पॅरजिन आहे. तेवढ्या बदलाने तिथले क्लोरोफिल ७०० च्या पलीकडचा प्रकाश पकडू लागते. एका अमिनो आम्लाने एवढे घडते हे ज्याला ठाऊक आहे, तो ईथरमधल्या आकड्यावर दिव्याची पात्रता ठरवणार नाही.

हिरव्या प्रकाशावरची बंदी याहून चुकीची आहे. पट्टे रुंदावतात हे एक कारण. दुसरे असे की पानात शिरलेला किरण पेशींच्या भिंतींवर आणि हवेच्या पोकळ्यांत विखुरत जातो, त्यामुळे त्याला क्लोरोफिल पुन्हा पुन्हा भेटते. भरल्या पानावर पडलेल्या हिरव्या प्रकाशाचा मोठा भाग याच वाटेने शोषला जातो. मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ जातींच्या पानांवर ३५० ते ७५० नॅनोमीटरपर्यंतची मोजणी प्रसिद्ध केली. प्रकाशसंश्लेषणाचे दोन रुंद उंचवटे मिळाले, एक ४४० च्या आणि दुसरा ६२० च्या सुमारास. मधला हिरवा भाग खाली होता, पण शून्याच्या जवळपासही नव्हता. ही माहिती पन्नास वर्षांहून जुनी आहे. अटी लिहिणाऱ्यांना ती मिळवणे अवघड नव्हते.

आता लक्सकडे या. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी आहे आणि डोळा ५५५ ला सर्वांत संवेदनशील असतो. पांढऱ्या एलईडीखाली ३००० लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला साधारण ४० मायक्रोमोल फोटॉन, कल्चरसाठी नेहमीचाच प्रकाश. ६६० च्या लाल दिव्याला तेच ३००० लक्स गाठायचे तर ४०० च्या आसपास मायक्रोमोल द्यावे लागतील, म्हणजे दसपट. ४३० चा निळा मिसळला तर आणखी जास्त, कारण तो डोळ्याला त्याहूनही कमी दिसतो. दोन्ही अटी एकदम पाळल्या तर बाटलीतली रोपे करपतील आणि वातानुकूलन कोलमडेल. एकाच कागदावर परस्परांना खोडणाऱ्या दोन अटी छापल्या जातात, त्यावर सह्या होतात आणि प्रस्ताव मात्र आपले परत येतात.

२ नॅनोमीटरच्या मर्यादेचे तसेच. लाल एलईडीचा स्वतःचा पट्टाच २० नॅनोमीटरच्या आसपास रुंद असतो. चिप ३० अंशांनी तापली तरी शिखर तीनचार नॅनोमीटर सरकते. सकाळी पात्र असलेला दिवा दुपारी अपात्र होईल. ४३० ची चिप बाजारात शोधावी लागते, ४५० ची मात्र सहज आणि स्वस्त मिळते.

आणि जांभळ्या उजेडात काम करणाऱ्या माणसांचे काय? तळाशी आलेला जिवाणूंचा धूसर थर, बुरशीचा पहिला ठिपका, पानाचा पिवळेपणा, काचाळलेला कोंब, हे सगळे रंगावरून आणि पोतावरून ओळखायचे असते. त्या उजेडात ते उशिरा दिसते, तोवर शेजारच्या बाटल्यांपर्यंत पोहोचलेले असते. ज्यांच्याकडे ४५०-६६० चे दिवे आहेत त्यांनी ते काढून टाकावेत असे आम्ही म्हणत नाही. ते वीज कमी खातात, रोपेही वाढवतात. तपासणीसाठी तिथे एक पांढरी ओळ बसवा. आमचे भांडण दिव्याशी नाही, सक्तीशी आहे.

या सक्तीला आपणही हातभार लावला आहे. ईथरमधला तो आलेख अनेकांनी विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उचलून बँकेच्या प्रकल्प अहवालात चिकटवला. सल्लागाराने तोच पुढे नेला आणि शेवटी तो अटींत उतरला. अजूनही कित्येक सभासदांकडे क्वांटम मीटर नाही, फळीवरचा प्रकाश ते लक्स मीटरनेच मोजतात. मोजलेले आकडेच नसतील तर अनुदान देणाऱ्या समितीपुढे बोलणार काय?

तेव्हा हे काम याच महिन्यात करा. एका तालुक्यातल्या चारपाच प्रयोगशाळांनी मिळून एक क्वांटम मीटर घ्या. प्रत्येक फळीवर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत पीपीएफडी, म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगाचे फोटॉन, मोजा. त्यासमोर दिव्याची वीज, गुणनदर आणि दर आठवड्याला फेकलेल्या बाटल्या लिहा. हा तक्ता आमच्याकडे पाठवा, सर्वांचे एकत्र निवेदन आम्ही घेऊन जाऊ. मागणी एवढीच ठेवा: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले एकूण फोटॉन धरा, दिव्याची कार्यक्षमता मायक्रोमोल प्रति ज्यूलमध्ये मागा, फळीवरचा पीपीएफडी ठरवा, लक्स काढा, रंगाची निवड प्रयोगशाळेवर सोडा. ज्यांचे प्रस्ताव परत आले आहेत त्यांनी लेखी हरकत घ्या आणि पोचपावती घ्या. हिरवा प्रकाश शून्य असल्याच्या हमीपत्रावर कोणीही सही करू नका.