गळका एसी बदलायलाच हवा



‘दर उन्हाळ्यात गॅस भरला की जुना एसी चालतो, तो बदलायचा कशाला?’ हे पत्र वाचले. मत पटले नाही. ग्वाल्हेरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा एसीची गरज मलाही मान्य आहे. पण एसीतला गॅस वापराने संपत नसतो. पुन्हा भरावा लागतो, म्हणजे आधीचा गळून हवेत गेला. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ घडवतो. १९८७च्या माँट्रिअल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे. गळका एसी जरूर बदला. मात्र काढताना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये भरून घ्यायला मेकॅनिकला बजावा.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर