नानकटाईची वही

आमच्या घरी दिवाळीची नानकटाई आजीच्या वहीवरून होते. वहीत एवढेच आहे : दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, वेलची, पुढे ‘बेकरीत नेणे’. घरात ओव्हन नव्हता. पिठाचा डबा बेकरीत न्यायचा, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि नंबर लागेपर्यंत बसायचे.

आजी गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई केली. प्रमाण तंतोतंत, पण झाली दगडासारखी. बेकरीवाल्या चाचांनी एकच विचारले, “तूप किती फेसलं?” तूप पांढरे, हलके होईपर्यंत फेसले की त्यात हवा मिसळते आणि मग खुसखुशीतपणा येतो. आजीला हे इतके अंगवळणी पडले होते की तिने लिहिलेच नाही. मुलगा म्हणून मला कुणी परातीजवळ बसवले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही बसलो नाही.

मित्रहो, वहीत प्रमाण मिळते, रीत हातात असते. या सुट्टीत नुसती वही उतरवून घेऊ नका. परात ओढा आणि आजीजवळ बसा. वही काय, नंतरही सापडेल.