गायरीतला भुंगा, खोडातला भुंगा

कोकणात माड मेला की 'भुंग्यानं खाल्ला' एवढ्यावर चौकशी संपते. कोणत्या भुंग्यानं, हे क्वचितच विचारलं जातं. उपाय मात्र त्याच उत्तरावर ठरतो.

गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग असलेला. त्याची अळी गायरीत, शेणखताच्या खड्ड्यात, कुजक्या ओंडक्यात वाढते; उभ्या माडाला ती तोंडही लावत नाही. नुकसान करतो तो प्रौढ भुंगा. रात्री उडत येऊन तो शेंड्यात शिरतो आणि न उलगडलेलं कोवळं पान पोखरतो. पुढे ते पान उघडतं तेव्हा कात्री चालवल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. मोठा माड बहुधा सावरतो, लहान रोप मरू शकतं.

सोंड्याची रीत नेमकी उलट. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा हा भुंगा अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत माडातच राहतो. इथे घात करते ती अळी. बिनपायांच्या अळ्या आतला गाभा खात जातात; बाहेर तपकिरी चिकट द्रव आणि चावलेला भुसा तेवढा दिसतो. खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो. शेंडा कलंडला, की वेळ निघून गेलेली असते.

सोंड्याची मादी अंडी घालायला जखम शोधते आणि गेंड्यानं पोखरलेला शेंडा तिला आयता मिळतो. म्हणून सोंड्याचा बंदोबस्तही गायरीपासूनच सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात सगळं लक्ष झाडावर असतं आणि खताचा ढीग तसाच राहतो.

सामोआत 1909 साली रोपांबरोबर पोचलेला गेंड्या अनेक दशकं आवरला नाही. 1967 मध्ये त्याला रोगी करणारा विषाणू सोडल्यावर त्याची संख्या घटली. आपल्याकडे खताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळण्याची शिफारस आहे. पण भुंगा कुंपण मानत नाही, त्यामुळे एकट्यानं गायरी साफ करून भागत नाही. ग्रामपंचायतींनी पावसाळ्याआधी सगळ्या वाड्यांतले खड्डे आणि पडके माड एकदमच हाताळावेत. कामगंध सापळे वाटताना दोन्ही भुंग्यांची वडी वेगळी असते, हेही सांगावं. झावळ तोडणाऱ्यांना खोडाशी घाव न घालता सुमारे 120 सेंटिमीटर देठ राखायला शिकवावं. या कामांना फवारणीपेक्षा खर्चही कमी येईल.